स्वस्त कार्बन चाकं, माझे 46 हजार आणि यवतेश्वरचा उतार

रोड बाइकला कार्बनची चाकं घ्यायच्या विचारात असाल, त्यातून सायकल रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक थेट चाकाच्या रिंगेवर घासतो अशी, असेल आणि कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवून स्वस्तात देतो म्हणत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे 46 हजार गेले. त्याचं दुःख आहेच, पण नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहायला बसलो नसतो. त्या चाकांवर माझी मुलगी घाट उतरली होती, म्हणून लिहितोय.

मी साताऱ्यात राहतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर रोज हातात असतात, आलेला माल मोजल्याशिवाय आत घ्यायचा नाही हीच नोकरी. सात वर्षं झाली रोड बाइक चालवतोय. रविवारचा रस्ता ठरलेला: समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायचा, पुढे कास, तिथे चहा, आल्या वाटेने परत. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, शिमानो 105 ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), रिम ब्रेक. मूळची अ‍ॅल्युमिनियमची चाकं दोन्ही मिळून 1,930 ग्रॅम भरतात. जड आहेत, पण सात वर्षांत दोनदा आउट काढण्यापलीकडे त्यांनी काही मागितलं नाही.

आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी वर्षभरात कार्बनची चाकं घेतली. पन्नास मिलिमीटर खोल रिंगांचा रस्त्यावरचा तो घुमणारा आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल मला काय झालं असेल. मलाही हवी होती. नावाजलेल्या कंपन्यांची चाकं दीड-दोन लाखांच्या पुढे, ती मला परवडणारी नाहीत. म्हणून स्वस्तातली शोधत होतो. एका ओळखीच्याने एक नंबर दिला. विक्रेता दुसऱ्या शहरातला. त्याने दिलेली माहिती अशी: 50 मिमी रिंगा, क्लिंचर (टायरची कड रिंगेच्या भिंतींत अडकते तो प्रकार), रिम ब्रेक, डीटी स्विस कंपनीचे 240 हब (चाकाच्या मधला, फिरणारा भाग), सापिम कंपनीचे सीएक्स-रे स्पोक, वजन 1,390 ग्रॅम, दोन वर्षांची वॉरंटी. किंमत 46 हजार. सोबत डिजिटल काट्यावर ठेवलेल्या चाकांचे फोटो, आकडा ठळक दिसेल असे.

इथेच पहिल्यांदा थांबायला हवं होतं. डीटी स्विस 240 हबची जोडी आणि 44 सीएक्स-रे स्पोक सुटे विकत घ्यायला जा, तेवढेच 46 हजारांत बसत नाहीत. रिंगा, निपल (स्पोक रिंगेला आवळायचे छोटे नट), चाक बांधायची मजुरी आणि विकणाऱ्याचा नफा अजून बाजूलाच. हा हिशोब करायला पाच मिनिटं लागतात. मी तो पैसे पाठवल्यावर तीन महिन्यांनी केला. स्वस्तातलं चाक स्वस्त का आहे याचं उत्तर सरळ मिळालं पाहिजे. साधा हब आहे, स्टीलचे साधे चपटे स्पोक आहेत, जाहिरातीवर खर्च नाही, कारखान्यातून थेट येतंय, ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. जगातल्या कार्बन रिंगांचा मोठा वाटा चीनमधल्या शियामेनच्या आसपास तयार होतो, महागड्या स्टिकरखालच्यासुद्धा. तेव्हा चायनाचा माल म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. आमच्यातल्याच एकाने तिथल्या कारखान्याकडून थेट मागवलेली चाकं तीन वर्षं उत्तम चालली आहेत. त्याने हब साधा घेतला आणि कारखान्याने तो साधा आहे असं सांगूनच दिला. मला मात्र सगळंच भारीतलं, आणि तेही अर्ध्या किमतीत, मिळणार होतं.

दहा हजार आगाऊ आणि बाकीचे पार्सल निघायच्या आधी, दोन्ही वेळा यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल, उगाच सहा हजार वाढतील. वॉरंटी माझ्या शब्दावर आहे." मी गप्प बसलो. पार्सल आलं त्या संध्याकाळी बायकोने पहिला प्रश्न विचारला, "बिल कुठाय?" मी म्हटलं, ओळखीतला माणूस आहे. ओळखीतला नव्हता. ओळखीच्याने नंबर दिलेला होता, एवढंच.

चाकं दिसायला सुंदर होती, हे खोटं सांगणार नाही. मी ती थेट सायकलवर चढवली. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल मोजून घेतो, आणि स्वतःची चाकं वजन न करता बसवली. दोन आठवड्यांनी सहज कारखान्यातून प्रमाणित वजनं आणून घरचा काटा आधी तपासला, मग टायर, ट्यूब, रिम टेप, स्क्यूअर, कॅसेट सगळं उतरवून चाकं ठेवली. पुढचं 742, मागचं 931. एकूण 1,673 ग्रॅम. सांगितलेल्यापेक्षा 283 ग्रॅम जास्त.

विक्रेत्याला फोटो पाठवला. आधी म्हणाला, तुमचा काटा चुकतोय. प्रमाणित वजनं लावून दाखवल्यावर म्हणाला, पाच टक्के इकडेतिकडे होतंच. पाच टक्के म्हणजे 70 ग्रॅम, 283 नव्हे. मग मी त्याने सुरुवातीला पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. काट्यावरच्या त्या रिंगांना टायरची कड अडकवायला बाजूच्या भिंतीच नव्हत्या, नुसती उथळ गोल खाच होती. म्हणजे फोटो ट्युब्युलर चाकांचा होता, ज्यावर टायर डिंकाने चिकटवतात. ट्युब्युलरच्या रिंगा क्लिंचरपेक्षा हलक्या असतात, कारण त्यांना हवेचा दाब अडवणाऱ्या त्या भिंती लागतच नाहीत. फोटो एका मालाचा, विकलेला माल दुसरा. हे लक्षात आल्यावरही मी चाकं काढली नाहीत. मला वाटलं, वजनात फसलो, ठीक आहे, चाकं तर चालतायत. सगळ्यात मोठी चूक हीच. जो वजनात खोटं बोलतो तो इतर ठिकाणी खरं बोलेल असं मानायला काहीच आधार नव्हता.

ग्रॅमचा हिशोबही इथेच सांगतो, कारण सगळे त्यापायीच फसतात. मी आणि सायकल मिळून 82 किलो. 400 ग्रॅम कमी केले तर अर्धा टक्का फरक. कासला जायला मला सव्वा तास लागतो, त्यातून फार तर वीस-बावीस सेकंद वाचतील. चाकाचं वजन फिरतं म्हणून ते दुप्पट मोजायचं, असं जे सांगतात ते फक्त वेग वाढवताना लागू पडतं. एका लयीत घाट चढताना चाकातला ग्रॅम आणि पाण्याच्या बाटलीतला ग्रॅम सारखाच. खोल रिंगांचा खरा फायदा सपाटीवर, वाऱ्यात आणि वेगात होतो, चढावर नाही. तेव्हा "किती ग्रॅम" हा प्रश्न शेवटी विचारा. रिम ब्रेक असेल तर पहिला प्रश्न एकच: ब्रेक घासतो त्या पट्ट्यातलं रेझिन किती अंशापर्यंत टिकतं?

याचं कारण समजून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची रिंग ब्रेकची उष्णता झटकन पसरवते आणि हवेत सोडते. कार्बनमधून उष्णता तशी सरकत नाही, ती घासण्याच्या जागीच साठते. कार्बनचे धागे उष्णतेला दाद देत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारं रेझिन ठरावीक तापमानाच्या वर मऊ पडतं. चांगले कारखाने रिम ब्रेकच्या रिंगांना 200 अंश सेल्सिअसच्या वर टिकणारं रेझिन वापरतात आणि तो आकडा विचारल्यावर सांगतात. स्वस्तातलं साधं इपॉक्सी त्याच्या कितीतरी आधी ढिलं पडतं. त्याच वेळी आतून टायरचा 90-100 पीएसआय दाब रिंगेच्या भिंती बाहेर ढकलत असतो. भिंत मऊ झाली की फुगते. ब्रेक रबरही कार्बनसाठीचेच लागतात. अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले रबर तसेच लावले तर त्यात रुतलेले धातूचे कण रिंग ओरबाडतात आणि ती आणखी तापते. मी रबर नवेच लावले होते, त्याने चाकांसोबत दिलेले. हलक्या टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूब घेणार असाल तर पाकीट नीट वाचा, काहींवर फक्त डिस्क ब्रेकसाठी असं लिहिलेलं असतं, त्यालाही कारण हीच उष्णता.

एप्रिलचा रविवार होता, सकाळचे साडेनऊ. कासहून परत येताना यवतेश्वरच्या घाटात पुढे दुधाचा टेम्पो लागला. समोरून गाड्या येत होत्या, ओलांडता येईना. एरवी मी उतारावर ब्रेक टप्प्याटप्प्याने मारतो, वळणाआधी जोरात धरायचा आणि सोडायचा. त्या दिवशी टेम्पोच्या मागे दीड-दोन किलोमीटर ब्रेक जवळजवळ धरूनच उतरलो. आधी वास आला, गरम प्लास्टिकसारखा. मला वाटलं टेम्पोचा. मग पुढचा ब्रेक हातात ठोके देऊ लागला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका, लिव्हर बोटांना मागे ढकलायची. तिसऱ्या वळणावर फटाक्यासारखा आवाज झाला आणि पुढचा टायर बसला.

वळण संपत आलं होतं आणि मी डोंगराच्या बाजूला होतो, म्हणून वाचलो. गटाराच्या कडेला कोपरावर पडलो. दरीच्या बाजूला असतो तर हे लिहायला नसतो. उठून पुढचं चाक काढलं आणि बाटलीतलं पाणी रिंगेवर ओतलं तर चर्र आवाज होऊन वाफ आली. थंड झाल्यावर ब्रेकच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर अंगठ्याला उंचवटा लागला, भाकरीला पापुद्रा सुटतो तसा, दोन बोटं लांब. नखाने दाबलं तर जरा आत जात होता. घरी आल्यावर व्हर्निअर लावला. रिंगेची रुंदी बाकी सगळीकडे 25.1 मिमी, त्या जागी 27.4.

रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, शुक्रवारी मला पण तो ठोका जाणवला होता. मला वाटलं रस्ताच खराब आहे." शुक्रवारी तिला सुट्टी होती. हीच सायकल घेऊन ती मैत्रिणींबरोबर यवतेश्वरला जाऊन आली होती. ती एकोणीस वर्षांची आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी चाकं घेऊन राजवाड्याजवळच्या आमच्या मेकॅनिक काकांकडे गेलो. सत्तरीच्या आसपासचे आहेत, हिरो आणि अ‍ॅटलसच्या रिंगांचे आउट काढण्यात आयुष्य गेलं, पण गेली काही वर्षं रोड बाइकही बघतात. त्यांनी रिंग टांगली आणि खिशातून दहाचं नाणं काढून रिंगेवर जागोजागी टकटक वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक, आणि उंचवट्याजवळ आवाज एकदम बद्द झाला. मग मागच्या चाकावर वाजवलं. तिथे उंचवटा दिसत नव्हता, तरी दोन ठिकाणी तोच बद्द आवाज. म्हणाले, "दादा, हितं पण थर सुटल्यात. हे चाक पण जाणारच होतं." ही नाण्याची तपासणी कुणालाही घरी करता येते. सगळीकडे सारखा आवाज हवा. चाक नवं असताना करा आणि दर महिन्याला पुन्हा करा.

मग त्यांनी मागचा हब उघडला. डीटी स्विस 240 च्या आत दोन दातेरी चकत्या असतात, त्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या असतात, आणि वरची टोपी कुठलंही हत्यार न लावता हाताने ओढून निघते. आमच्या हबातून चार छोटे पॉल (दात्यांत अडकणारे खटके) निघाले, साध्या हबात असतात तसे. नाव नुसतं बाहेर छापलेलं. स्पोकचा ताण मीटरने मोजला तर एकाच बाजूच्या शेजारच्या दोन स्पोकमध्ये दुपटीचा फरक.

पुढची रिंग मी कारखान्यात हॅकसॉने कापली. हे करणार असाल तर मास्क लावा आणि रिंग ओली ठेवा, कार्बनची धूळ छातीत जाऊ देऊ नका. आत काय होतं? थरांना सुरकुत्या पडलेल्या, घाईत अंथरलेल्या चादरीला पडतात तशा. कोपऱ्यात रेझिनचे गोळे साठलेले. एका ठिकाणी, रिंग बनवताना साच्यात आतून फुगवतात त्या फुग्याच्या प्लास्टिकचा तुकडा चिकटून राहिलेला. ब्रेकची भिंत एका बाजूला 2.2 मिमी, दुसऱ्या बाजूला 1.3. जास्तीचं 283 ग्रॅम वजन कुठून आलं तेही दिसलं, नको तिथे साचलेल्या रेझिनचं आणि जड हबचं. म्हणजे मला जड आणि तरीही कमजोर चाक विकलं होतं.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. उत्तरं क्रमाने अशी आली: तुम्ही चुकीचे रबर वापरले. ते त्यानेच दिलेले होते, हे दाखवल्यावर, तुम्ही खड्ड्यात घातलं असेल. मग, घाटात वापरायची ही चाकं नाहीत, ही सपाटीची. विकताना मी साताऱ्याचा आहे हे त्याला माहीत होतं, "कासला उडत जाल" हे त्याचेच शब्द मोबाइलमध्ये आहेत. मग, रिंग कापली म्हणजे वॉरंटी संपली. मग नंबर ब्लॉक. मला राग आहे तो या शेवटच्या भागाचा जास्त. माल खराब निघू शकतो, मी रोज बघतो. पण याच्या हातात मी फुगलेल्या रिंगेचा फोटो दिला होता, तीच चाकं त्याने आणखी लोकांना विकली आहेत हे त्याला माहीत आहे, आणि त्याने त्यातल्या एकालाही "ब्रेक लावू नका" म्हणून कळवलं नाही. पुण्यातल्या ओळखीच्या दोघांकडे तीच चाकं निघाली. त्यांना मी स्वतः फोन करून चाकं उतरवायला लावली. एकाच्या रिंगेवर नाणं बद्द वाजलं.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन केला. तिथे म्हणाले, वस्तू तुम्हाला मिळाली आहे, हा ग्राहक तक्रारीचा विषय. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असं झालं तर मात्र 1930 ला त्याच तासात फोन करा, तिथे वेळेला फार किंमत आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रार नोंदवून घेतली, विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. शेवटी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, विक्रेत्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, म्हणजे "बिल नाही म्हणून तुम्ही काही करू शकत नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका.

पण बिल नसल्याने जे हाल झाले तेही सांगतो. माझ्याकडे त्याचा पत्ता नव्हता. यूपीआयवर दिसणारं नाव वेगळं, फोनवरचं वेगळं. कुरिअरची पावती बायकोने पार्सलच्या खोक्यासकट माळ्यावर टाकली होती, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता सापडला. ती रद्दीत गेली असती तर नोटीस कुठे पाठवायची हाच प्रश्न होता. क्रेडिट कार्डने पैसे दिले असते तर बँकेकडे हरकत घेता आली असती, यूपीआयने आपणहून पाठवलेल्या पैशांत ती सोय नाही. परदेशातून मागवणाऱ्यांनी एक बघा: कस्टम्स ड्युटी वाचवायला विक्रेता पार्सलवर 50 डॉलर किंमत लिहितो म्हणाला तर नको म्हणा. कायद्याने ते चूक आहेच, आणि वाटेत चाक मोडलं तर भरपाईही त्या 50 डॉलरचीच मागता येईल.

घ्यायचीच असतील तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तुमच्याच जोडीचा फोटो मागा, प्रत्येक चाक वेगळं काट्यावर, शेजारी तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि रिंगेवरचा अनुक्रमांक वाचता येईल असा. रेझिनचं तापमान, चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा आणि हवेची मर्यादा लेखी मागा. डिस्क ब्रेकवाल्यांना उष्णतेची काळजी नाही, पण हुकलेस रिंगा (टायरची कड धरणारा आकडा नसलेल्या) असतील तर हवेची मर्यादा 72.5 पीएसआय आहे आणि टायरही हुकलेसला चालणाराच लागतो. आमच्याकडे एकाला "कुठलाही टायर चालतो, शंभर भरा" असं सांगून त्या दिल्या होत्या. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. आणि माझ्यासारखं न करता, टायर चढवण्याआधी चाक काट्यावर ठेवा.

रिम ब्रेकची सायकल असेल आणि घाट रोजचा असेल, तर माझं मत विचाराल तर कार्बन घेऊच नका. पंधरा-वीस हजारांत साडेसोळाशे-सतराशे ग्रॅमची अ‍ॅल्युमिनियमची चाकं मिळतात, माझ्या त्या कार्बनइतकीच हलकी, आणि पावसात ब्रेकही जास्त चांगला लागतो. मुलीच्या सायकलला तशीच बसवली. माझ्या सायकलवर जुनी 1,930 ग्रॅमची परत चढवली आहेत.

आयोगात पुढची तारीख 19 ला आहे. रिंगेचे दोन तुकडे, हबातले चार पॉल, कुरिअरची पावती आणि चॅटच्या प्रिंट एका पिशवीत घालून दाराशी ठेवल्या आहेत. मागचं चाक काकांनी दुकानात टांगून ठेवलंय. कार्बनचं विचारायला कुणी आलं की ते त्याच्या हातात नाणं देतात आणि म्हणतात, वाजवून बघा.